साठ हजारांचा डबा

(दृश्य: पहाट. मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो. चहाच्या टपरीवर वाफ.)

मे २०२४. साताऱ्याहून आलेल्या रातराणीतून एक मुलगा आणि त्याची आई उतरतात. आईच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेले साठ हजार रुपये आहेत. भिशी लागलीय. मुलाच्या खिशात वहीचा फाडलेला कागद. त्यावर कॉम्प्युटरच्या भागांची यादी, आणि खाडाखोड एवढी की आधी काय लिहिलं होतं ते आता त्यालाही वाचता येत नाही. बारावीची परीक्षा झाली की गेमिंग पीसी, असा करार दोन वर्षांपूर्वी झाला होता. मुलगा माझा भाचा. म्हणजे ही माझी ताई, आणि कॅमेऱ्यामागे मी, मामा.

इथून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका जवळ. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडातून काही जात नाही. एकेकाळी मिनर्वा, नाझ अशा थिएटरांसाठी माणसं या रस्त्यावर यायची. आता येतात ती रॅम, केबल आणि चार्जरसाठी.

दुकानं उघडायला वेळ आहे. उडप्याकडे इडली खाता खाता मी यादी बघतो.

"यात मॉनिटर कुठाय रे?"

"घरचा टीव्ही हाय की, मामा."

सगळे इथंच चुकतात. प्रोसेसर (पीसीचा मेंदू) कुठला, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र रंगवणारं) कुठलं यावर महिनोन् महिने खल करायचा, आणि बघायचं कशावर ते शेवटी. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. १९२० बाय १०८० च्या साध्या पडद्यावर एका चित्राला साधारण २१ लाख ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर ८३ लाख. चौपट काम. त्यात पडदा १०० हर्ट्झचा असला तर सेकंदाला शंभर चित्रं दाखवायची त्याची तयारी, ती पुरवायची कार्डानं. म्हणून पडदा ठरला की कार्ड ठरतं, आणि कार्ड ठरलं की पैशाचा मोठा घास गेला, उरलेल्यात बाकीचा संसार. यादीत साडेसात हजारांचा मॉनिटर लिहिला. दुसरं काहीतरी खोडलं गेलं.

(दृश्य: शटर वर जातं. दुकानात रंगीत पंखे फिरताहेत.)

पहिल्याच दुकानात काचेच्या कॅबिनेटमध्ये इंद्रधनुष्य फिरतंय. खाली कागद चिकटवलाय: आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त २५,०००. ताई माझ्याकडे बघते. पस्तीस हजार वाचले की, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

"कितव्या जनरेशनचा?" भाचा विचारतो.

"आय-सेवन आहे, भाऊ."

"हो, पण कितव्या?"

तिसऱ्या. म्हणजे इंटेलचा हा आय-७ प्रोसेसर २०१२ सालचा. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, पुसूनपासून काचेत बसवलेला. चार कोअरचा, म्हणजे आत राबणारे चार गडी असलेला, हा प्रोसेसर हिशेबाच्या कामाला आजही चालेल, उगाच खोटं कशाला बोला. पण नव्या गेमला नाही.

आणि ते ४ जीबीचं कार्ड? जीटी ७३०, २०१४ चं. इथं जरा थांबतो, कारण बजेटवाली पोरं जीबीच्या आकड्यालाच भुलतात. जीबी म्हणजे गोदाम केवढं. गोदामाचं दार केवढं, हे त्या कागदावर कोणी लिहीत नाही. या कार्डाच्या डीडीआर३ मेमरीतून सेकंदाला १५ जीबीसुद्धा माल निघत नाही. भाच्याच्या यादीत आहे आरएक्स ६६००, त्यातून २२४ जीबी निघतो. गोदाम म्हणाल तर नुसतं दुप्पट, ८ जीबीचं.

हे कार्ड वीस हजारांचं. साठातले वीस. सेकंडहँड बघावं का, असं मलाही वाटलं होतं. पण २०२१ मध्ये अशाच कार्डांवर रात्रंदिवस इथेरियम हे डिजिटल चलन खोदलं जायचं, म्हणजे हिशेब सोडवून कमावलं जायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला ते खोदकाम बंद झालं आणि राबराब राबलेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात आली. एखादं चांगलं निघतंही. पण साताऱ्यात बसून ते कोण तपासणार, आणि बिघडलं तर परत कोण घेणार?

प्रोसेसरवर फार वेळ गेला नाही. रायझन ५ ५६००, सहा कोअर, ६५ वॉटचा, अकरा हजार. दुकानदारानं सुचवलं, "जी वाला घ्या, ५६००जी. कार्ड नंतर टाका." तीस हजारांच्या गिऱ्हाइकाला हा सल्ला मी पण देईन, त्यात चित्र दाखवायची सोय आतच असते. पण कार्ड आजच घेणार असू तर बिनजीचाच बरा, त्यात कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतलीच, हाताशी असलेली) दुप्पट. त्याला स्वतःला मात्र चित्र दाखवता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एएम४. जुनं झालंय, कबूल. पण नव्या सॉकेटचा बोर्ड महाग आणि त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅम लागते, तीही महाग. याच बी५५० बोर्डावर पुढं हात मोकळा झाला की ५७००एक्स३डी हा जास्त दमदार प्रोसेसर बसवता येईल. बोर्ड सात हजार आठशे. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ८ जीबीच्या दोन काड्या, तीन हजार चारशे. एक सोळाची काडी नको. दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. (ही फिल्म कापायला बसलो तोवर २०२५ सरत आलं होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा असा काही उपसा केला की तीच जोडी दुपटीहून वर गेली. नशीब, पोराची बारावी वेळेत झाली.)

(दृश्य: जवळून. काउंटरवर दोन एसएमपीएस. हात एक उचलतो, मग दुसरा.)

आता या दोन डब्यांकडे बघा. बाजारात याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी वाटून देणारा. पहिला कॅबिनेटवर फुकट मिळतोय. दुसरा तीन हजार आठशेचा. फुकटवाल्यावर ठळक लिहिलंय, ४५० वॉट. दुसऱ्यावर ५५०. फरक फार वाटत नाही ना?

मी भाच्याला म्हटलं, उचलून बघ. फुकटवाला रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा हलका. मग म्हटलं, कडेचं लेबल वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर? सोळा. बारा गुणिले सोळा?

"एकशे ब्याण्णव."

कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही या १२ व्होल्टवरच जेवतात. कार्ड एकटं १३२ वॉटचं. त्यात प्रोसेसरचे ६५ मिळवले की १९७. पंगत बसायच्या आधीच पातेलं रिकामं. दुसऱ्याच्या लेबलवर ४५ अँपिअर. म्हणजे ५४० वॉट. याला म्हणतात खरं ५५०.

मी हे एवढं लावून धरलं त्याला कारण आहे. कॉलेजात असताना माझ्या पीसीत असाच एक फुकटवाला होता. एका पावसाळ्यात वीज जाऊन आली, फट् आवाज झाला, जळका वास. जाताना तो बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. हार्ड डिस्कवर प्रोजेक्ट होतं.

भाच्यानं लेबलचा फोटो काढून ठेवला. पण तोंड उतरलं, कारण आता कॅबिनेटला तीनच हजार उरले. समोर काच, चार रंगीत पंखे असलेलं त्याच्या मनातलं कॅबिनेट साडेपाचला होतं. समोर काच म्हणजे हवा आत यायला फट तेवढी. एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, ते कार्ड उकडून निघणार. आम्ही जाळीवालं घेतलं. काळं, मुकं, दिवे नसलेलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे गेम साठवायची वेगवान डिस्क, ५०० जीबीची, तीन हजार तीनशे. बेरीज ५९,८००.

"कच्चं बिल चालेल का? कमी करतो."

इथं ताई पहिल्यांदा बोलली. "पक्कंच द्या. आणि नंबर लिहा त्याच्यावर, प्रत्येकाचा." तिला सिरियल नंबर म्हणायचं होतं. मी तिला शिकवलं नव्हतं. घरच्या फ्रिजच्या वेळी शिकली असणार. वर एक माउसपॅडही तिनं काढून घेतला.

(दृश्य: रात्र. मोबाइलचा पडदा, व्हिडिओ कॉल.)

दोन दिवसांनी, रात्री साडेदहा.

"मामा, पंखे फिरत्यात, पण स्क्रीनवर नुसतं नो सिग्नल."

"केबल कुठं लावलीस?"

कॅमेरा पाठीमागं वळतो. एचडीएमआयची केबल वर, बोर्डाच्या खाचेत. बिनजीच्या प्रोसेसरला तिथून काही दाखवता येत नाही. "खाली कार्डाला लाव." खडबड ऐकू येते, मग पडदा उजळतो. पोराच्या ओरडण्यानं शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रॅम २४०० च्या वेगावरच चाललेली असते, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू केल्यावर ३२०० वर येते. पैसे मोजले ३२०० चे, आणि हे एक बटण कोणी सांगत नाही.

मग फोन ताईच्या हातात येतो. ती बराच वेळ त्या काळ्या डब्याकडे बघत असते.

"साठ हजार घातलं रे आपण. आणि लागतोय एवढासा निळा ठिपका?"

भाच्याच्या कानावर हेडफोन. त्याला काही ऐकू गेलेलं नाही.