2 जुलैला हॉल हवा आहे

आज मी एक मागणी घेऊन आलो आहे. एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या इतिहासाचा एक दिवस आपल्या वाचनालयांनी पाळावा, आणि तो 2 जुलै असावा. हीच तारीख का, ते सांगतोच. पण त्याआधी एका प्रदर्शनाची गोष्ट ऐका, कारण ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सभागृहात चळवळीची छायाचित्रं आणि जुने कागद मांडले होते. भाडं भरलं होतं, परवानगी घेतली होती. उद्घाटनाच्या सकाळी व्यवस्थापकांचा निरोप आला की वरच्या मजल्यावर मुलांचा गायनाचा क्लास असतो, तेव्हा दाराकडे तोंड असलेले फलक फिरवून ठेवा. आमची तरुण पोरं चिडली, दोघी रडल्या. शेवटी फलक फिरवले. झालं काय, तर बाहेरून येणाऱ्याला नुसत्या फलकांच्या पाठी दिसायच्या. क्लासला मुलांना सोडायला आलेले पालक थबकायचे, ‘हे उलटं का लावलंय?’ म्हणत आत यायचे, आणि एकदा आलेले तासभर हलायचे नाहीत! इतकी गर्दी आमच्या पत्रिकेने कधीच खेचली नसती.

तिथे काचेखाली एक कागदी मुखवटा ठेवला होता. मुंबईत 16 ऑगस्ट 2008 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, याच समुदायाचा पहिला मोर्चा, ‘क्वीअर आझादी मार्च’, निघाला. घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी ओळखू नये म्हणून बरेच जण मुखवटे लावून चालले. हा त्यातलाच. रबर तुटलं होतं, गाठ मारून पुन्हा जोडलेलं. एक आजोबा त्या गाठीकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पलीकडचा ‘बॉम्बे दोस्त’चा अंक दाखवला. अशोक राव कवींनी 1990मध्ये सुरू केलेलं ते नियतकालिक. ‘हा माझ्या कपाटात कपड्यांखाली असायचा,’ म्हणाले. त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत होतं.’ यावर मी काही भाष्य करणार नाही.

आणखी एक सांगून टाकतो, कारण प्रश्नोत्तरांत बालगंधर्वांचं नाव निघतंच. पुरुषांनी स्त्रीभूमिका करणं हा तेव्हाच्या रंगभूमीचा रिवाज होता. त्यावरून कुणाच्या खासगी आयुष्याबद्दल निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे पुरावा असलेला इतिहास आहे, तो आधी सांगू या. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981मध्ये रंगमंचावर आलं, त्यातल्या मित्रा या समलिंगी नायिकेची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. त्याची संहिता याच वाचनालयाच्या कपाटात असेल, बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा.

2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात जेमतेम 15 माणसं पिवळे टी-शर्ट घालून चालली. मुंबईहून गेलेलेही त्यांत होते. भारतातला पहिला प्राइड, म्हणजे अभिमानाने काढलेला मोर्चा, तो हाच. बरोबर दहा वर्षांनी, 2 जुलै 2009ला, दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रौढांमधले खासगीतले, संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम 377खाली गुन्हा ठरत नाहीत. डिसेंबर 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती चूक दुरुस्त केली. त्याआधीच, 2014मध्ये, तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मिळाला होता.

अमेरिकेत मिसुरीतल्या रॉडनी विल्सन या शिक्षकाने 1994मध्ये ऑक्टोबर हा एलजीबीटी इतिहासाचा महिना सुरू केला, कारण तेव्हा शाळा चालू असतात. एका शिक्षकाला सुचलं, बाकीच्यांनी उचललं. मोर्चा हवाच, ‘कशिश’सारखा चित्रपट महोत्सवही हवा. पण मोर्च्यात यायला अजून अनेकांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. वाचनालयात मात्र कुणीही येऊ शकतं. इथे का आलास, असं कुणी विचारत नाही. शिवाय जुलैत पाऊस असतो, माणसं आडोसा शोधतच असतात!

खर्च फार नाही. चार टेबलं, जुने अंक, कात्रणं, एखादं नाट्यवाचन, आणि बोलायला आपल्याच गावातली, वस्तीतली माणसं. तृतीयपंथी गुरूंना ऐकायला बोलवा, नुसतं आशीर्वाद द्यायला नको. मानधन द्या.

ग्रंथपालबाई समोर बसल्या आहेत. बाई, 2 जुलैला संध्याकाळी चार ते आठ हा हॉल मिळेल का? भाडं आम्ही भरू. फलक मात्र दाराकडे तोंड करूनच लावू.