जुनं डायव्हर घड्याळ अंधारात लखलखतंय? मग जरा थांबा!

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये तोच प्रश्न परत परत येतोय: "पासष्ट सालचं सबमरीनर मिळतंय, रेडियम अजून कडक चमकतंय, घेऊ का?" म्हणून आज फक्त त्यावर.

ओळख पटकन उरकू. डायव्हर म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ. ब्लांपँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरीनर १९५३ चं, ओमेगाचं सीमास्टर ३०० १९५७ चं. फिरती बेझल (काचेभोवतीची कडी), ठळक काटे, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि हो, आजोबांचं फेवर ल्युबा सी किंग डायव्हर नाही. नावात समुद्र आहे म्हणून ते पाण्यात घालू नका, बाबांनो. त्या कंपनीचं डायव्हर म्हणजे डीप ब्लू, किंवा १९६८ चं बाथी, ज्यात खोली मोजायचा काटाच होता.

आता मुद्दा. काटे आणि ठिपके अंधारात चमकावेत म्हणून त्यांच्या रंगात किरणोत्सर्गी पदार्थ घालत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातलं रेडियम गेलं, ट्रिटियम आलं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं. म्हणजे पासष्टच्या डायलवर आज जेमतेम ३ टक्के उरलंय. ते रात्रभर चमकणार कशाने?

यूव्ही टॉर्च मारून बघा. जुनं ट्रिटियम टॉर्चखाली किंचित उजळेल, बंद केला की काही सेकंदांत विझेल. मिनिटभरानंतरही हिरवंगार दिसत असेल तर तो ल्युमिनोव्हा आहे, म्हणजे नव्वदच्या दशकात आलेला नवा चमकणारा रंग. म्हणजे डायल बदललीय, नाहीतर कुणीतरी वरून नवा रंग भरलाय.

"मग खरं रेडियम असेल, ते तर १६०० वर्षं टिकतं!" हेही येतंच. रेडियम टिकतं हो, पण उजेड देतं ते रंगात त्याच्यासोबत मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि ते काही दशकांत जळून जातं. म्हणजे रेडियमचीही डायल आज अंधारच दाखवते. वर तिची भुकटी नाकात जाणं घातक, त्यामुळे असलं घड्याळ घरी उघडायचं नाही.

[क्लोज-अप: सहाच्या आकड्याखाली]

अजून पटत नसेल तर दहा पट भिंग घ्या आणि इथे बघा. ट्रिटियमच्या डायलवर 'स्विस'च्या आजूबाजूला 'टी' असतो. हा 'टी' आहे आणि डायल लखलखतेय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मग ठिपक्यांच्या कडा बघा: नवा रंग छापलेल्या गोलाबाहेर सांडलेला असतो. ठिपके सायीच्या रंगाचे आणि काटे पांढरेफटक असतील तर काटे नंतरचे. काळपट-हिरवे डाग म्हणजे आत ओल गेलीय. पूर बघितलेल्या आपल्या सांगली भागात हे खास तपासा, आणि घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून गंज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपनीने सर्व्हिसला डायल बदलली असेल तर घड्याळ नकली नाही. फक्त ओरिजिनलचा भाव द्यायचा नाही, एवढंच.

पॉलिशवाल्यांबद्दल तर बोलूच नये. बफिंग करून करून पट्ट्याजवळच्या शिंगांची धार घालवतात, मग घड्याळ साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. गेलेलं पोलाद परत येत नाही. ओरखडे चालतील.

एकाने विचारलंय, आयर्विन पुलाजवळ कृष्णेत पोहायला घालून जाऊ का? नको! डायलवर २०० मीटर लिहिलंय ते नव्या रबराच्या भरवशावर. ते रबर कडक होऊन चिरतं. नवं गॅस्केट, म्हणजे हेच रबर, टाकलं तरी केसची कड गंजून खड्डे पडले असतील तर ते नीट बसत नाही. प्रेशर टेस्ट करून घ्या, ती पास झाली तरी पाऊस आणि हात धुण्यापुरताच विश्वास ठेवा.

दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर लिहून द्या: गॅस्केट बदला, तेलपाणी करा, बफिंग नको, डायल-काट्यांना हात नको, फिकट पडलेला बेझलचा इन्सर्ट (कडीवरची आकड्यांची पट्टी) आहे तसाच राहू द्या. आणि काही बदलावंच लागलं, तर जुना भाग पुडीत बांधून परत मागा.