पोलादपूर ते वाई: घाट कुठल्या बाजूने चढावा

मंडळी, सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर हा रस्ता बहुतेक सायकलवाले वाईकडून करतात. पसरणीचा घाट चढायचा, महाबळेश्वरला जेवायचं आणि आंबेनळी घाटाने कोकणात उतरायचं, अशी पद्धत पडली आहे. माझं मत असं की हा रस्ता उलटा करावा. पोलादपूरला मुक्काम करून उजाडताना निघावं, आंबेनळी चढावा आणि पसरणी उतरावा. एकूण अंतर ७० किलोमीटरांच्या आसपास: महाबळेश्वरपर्यंत साधारण ४०, तिथून पाचगणी १९, आणि पाचगणीहून वाई १२.

दोन्ही बाजूंचा स्वभाव वेगळा आहे. पसरणीचा घाट कृष्णेच्या खोऱ्याकडे उघडा आहे. ऊन लागतं, रस्ता लवकर वाळतो, पुढचं वळण आधी दिसतं. आंबेनळी म्हणजे जावळीचं खोरं. अफजलखानाला १६५९मध्ये ज्या मुलखात यावं लागलं, तो मुलूख आजही झाडीने भरलेला आहे. रस्ता अरुंद, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळा संपला तरी डोंगरातून पाणी झिरपत राहतं. मोरीच्या तोंडाशी हिरवट शेवाळ धरतं, आणि दरडीची कच नेमकी वळणाच्या आतल्या कडेला साचते. ताशी १० किलोमीटरने चढताना ही कच दिसते आणि टाळता येते. ताशी ३५ने उतरताना ती दिसते तेव्हा सायकल आडवी झालेली असते.

त्यात झाडांच्या सावलीचा खेळ. ऊन-सावलीच्या ठिपक्यांत खड्डा अजिबात कळत नाही, आणि काळा चष्मा असेल तर विचारूच नका. जंगलाच्या रस्त्यावर पारदर्शक किंवा पिवळट काच बरी.

आता चढ. पोलादपूर समुद्रसपाटीपासून १०० मीटरांच्याही खाली आहे, महाबळेश्वर १,३५० मीटरांच्या आसपास. सरासरी काढली तर ३ टक्के (१०० मीटरांना ३ मीटर चढ) येते आणि माणूस फसतो. सुरुवातीला कापडे गावाकडे जाणारा रस्ता गावांमधून बराचसा सपाट जातो, म्हणजे खरा चढ पुढे साठवलेला आहे. घाटात ५-६ टक्के धरून चाला. डाव्या यू-वळणाच्या आतल्या कडेला चढ याहून बराच जास्त असतो, आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे नेमके तिथेच सापडतो. समोरून काही येत नसेल तर आपल्या लेनच्या बाहेरच्या अंगाने वळण घ्या. चार मीटर जास्त पडतात, पण पायांची ताकद वाचते.

मागून एसटी येत असेल तर मात्र वळणाच्या आधीच थांबा. चालक बस आधी बाहेर काढतो आणि मग आत वळवतो. पुढची चाकं बाहेरून गेली तरी मागची चाकं आतली कड कापत येतात. बस आणि कठड्याच्या मध्ये आपण असता कामा नये.

गियरबद्दल थोडा हिशोब. माणूस ७० किलो, सायकल, पाणी वगैरे १० किलो धरा. ५ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरसाठी १३० वॅटच्या आसपास ताकद लागते, आणि ८ टक्क्यांवर ताशी ८नेही दीडशे. ही ताकद चार तास द्यायची आहे. पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या चकतीला ३२ दाते असतील तर ताशी ८ला पॅडलचे मिनिटाला साधारण ६० फेरे पडतात. जुन्या ३९-२५ जोडीवर तेच फेरे ४१वर येतात. तिथे गुडघा बोलू लागतो. घाटासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर हलकं चाक घेण्याआधी मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) घ्या. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का, हे आधी दुकानदाराला विचारा.

एक गोष्ट पोलादपूरला उतरल्याबरोबर बघा. सायकल बसच्या टपावर किंवा डिकीत आडवी आली असेल तर डिरेलरचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा) आत वाकलेला असू शकतो. सपाटीवर काही कळत नाही. चढावर तुम्ही सर्वांत हलक्या गियरवर जाता, डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये घुसतो, आणि हँगर, डिरेलर, चाक तिन्ही एका क्षणात जातात. म्हणून मागचं चाक उचलून, सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन घेऊन पॅडल हाताने सावकाश फिरवा. मागून बघा: पिंजरा आणि स्पोक यांत स्पष्ट फट दिसली पाहिजे. टिकटिक ऐकू आली तर निघू नका. आपल्या सायकलचाच हँगर खिशात ठेवा, कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेत मिळणार नाही.

पाण्याचं सोपं आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दोन बाटल्या, आणि वाडा कुंभरोशीला पुन्हा भरायच्या. प्रतापगडाचा फाटा इथलाच, अंतर साधारण निम्मं झालेलं असतं, चहा-पोहे मिळतात. किल्ला त्याच दिवशी करू नका. क्लीटच्या (पॅडलला अडकणाऱ्या) बुटांनी पायऱ्या चढणं हा वेगळाच छळ आहे. ओआरएसची मोठी पुडी १ लिटरची असते, ती ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सगळी ओतली की पाणी खारट होतं आणि माणूस प्यायचंच टाळतो. दोन केळी तासाला पुरतात.

महाबळेश्वर ते पाचगणी याबद्दल फार बोलत नाही. शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग असते, तिच्या डावीकडून घुसू नका, दारं उघडतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही.

पाचगणीपासून पसरणी सुरू होतो: १० किलोमीटरांच्या आसपास घाट, साडेपाचशे मीटरांच्या जवळपास उतार. इथे लोक ब्रेक धरूनच ठेवतात, आणि चूक तिथेच आहे. त्याच ८० किलोच्या हिशोबाने ५ टक्के उतारावर ब्रेक न लावता वेग ताशी ४५च्या आसपास स्थिरावतो, कारण हवाच तुम्हाला अडवते. हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सतत २५वर दाबून उतरलात तर हवेचं काम थोडं आणि ब्रेकचं काम फार. दीडशे वॅटची उष्णता सलग रिममध्ये जात राहते. सरळ पट्ट्यात सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, वळणात ब्रेक मोकळे. मधल्या काळात रिम गार होते.

रिम तापली की काय होतं? ट्यूबमध्ये ९० पीएसआय दाब असेल आणि आतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली, तर दाब १०५च्या वर जातो. त्यात ट्यूबला जुना पॅच असेल तर उष्णतेने त्याचा सोल्युशन सैल होतो. घाटाच्या दिवशी पॅचची ट्यूब चाकात नको, ती सुटी ठेवा. २८ मिलिमीटरच्या टायरला ७० किलोच्या माणसासाठी पुढे ६५, मागे ७०-७५ पुरे.

रिम ब्रेक असतील तर महाबळेश्वरलाच चाक काढून पॅड बघा. आंबेनळीच्या ओल्या कचेतले कण पॅडच्या रबरात रुततात. ब्रेक लावताना करकर आवाज येतो आणि रिमवर गोल चरे पडतात. टाचणीच्या टोकाने कण उकरून काढा, पॅड सँडपेपरवर घासा. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला. डिस्क ब्रेक असेल तर उतरून लगेच तापलेल्या रोटरला (ब्रेकच्या चकतीला) बोट लावू नका.

हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जुलै २०२१च्या पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला होता. म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जाताना घाट चालू आहे का, हे पोलादपूरच्या एसटी स्थानकावर विचारून घ्या.

आणि वाईला पोचल्यावर पुढे पुण्यापर्यंत सायकलनेच जायची हौस असेल तर तिला आवर घाला. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या खंबाटकीच्या बोगद्यातून जातात. त्यात दमलेल्या पायांनी सायकल घालण्यापेक्षा वाई आगारातून गाडी धरा. सायकलचं तिकीट वाहकाकडून आधीच ठरवून घ्या, आणि ती डिकीत डिरेलरची बाजू वर करूनच ठेवा.