स्मृती बदलते, हीच परंपरा

सुजनहो,

‘आपल्या धर्मात असेच सांगितले आहे’ हे आपण मुलांना अनेकदा ऐकवतो. परंतु ते श्रुतीने सांगितले की स्मृतीने, हे क्वचितच विचारतो, आणि माझ्या मते आपल्या पुष्कळशा वादांचे मूळ तिथेच आहे.

श्रुती म्हणजे वेद, अर्थात संहिता, ब्राह्मणे, आरण्यके आणि उपनिषदे. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, मते वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने न रचलेले, म्हणून त्यांतला एक स्वरही बदलता कामा नये. ‘अग्निमीळे पुरोहितम्’ हा ऋग्वेदाचा आरंभ क्रमपाठ या पठणाच्या पद्धतीत ‘अग्निमीळे, ईळे पुरोहितम्’ असा जोडीजोडीने म्हणतात, तर घनपाठात तीच पदे उलटसुलट फिरून पुन्हा पुन्हा येतात. अक्षर निसटले तर तत्काळ कानाला खटकावे, अशी ही योजना लेखणीच्या आधाराविना शतकानुशतके टिकली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मनू आणि याज्ञवल्क्य यांची धर्मशास्त्रे, रामायण, महाभारत, पुराणे हे सारे स्मृतीत, म्हणजे माणसांनी रचलेल्या धर्मग्रंथांत, मोडते. गीतासुद्धा शास्त्रदृष्ट्या स्मृतीच. श्रुतीशी विरोध आला तर स्मृतीने मागे सरावे, असे जैमिनींचे मीमांसासूत्र सांगते.

विवाह, वारसा, प्रायश्चित्त यांचे बहुतेक नियम स्मृतींतले आहेत, आणि ते बदलत आले आहेत. वडिलोपार्जित संपत्तीतून थोरल्या मुलाला विसावा भाग अधिक द्यावा, असे मनुस्मृती म्हणते. इ.स. ११०० च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांना हे वचन ठाऊक होते. ते त्यांनी खोटे ठरवले नाही. अशी विषम वाटणी शास्त्रात असली तरी लोकांना ती अप्रिय झाली आहे, म्हणून ती आचरू नये, असा निर्णय त्यांनी दिला. त्याला आधारही याज्ञवल्क्यांच्याच वचनाचा घेतला: जे लोकांना नकोसे झाले, ते धर्म्य असले तरी करू नये. वचनाचा मान राखून आचार बदलण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

पुढे हीच मिताक्षरा भारताच्या बहुतेक भागांत हिंदू वारसा कायद्याचा आधार ठरली. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यामुळे परंपरा मोडली असे ज्यांना वाटते, त्यांनी विज्ञानेश्वरांचा तो निर्णय अवश्य वाचावा.