डिमॉकचं पाणी

(दृश्य: पेन्सिल्व्हेनियातली डोंगराळ कुरणं, गोठे, दूरवर खोदाईचा मनोरा)

१ जानेवारी २००९. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात डिमॉक नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या आवारातली पिण्याच्या पाण्याची विहीर त्या दिवशी फुटली. वरचं जाडजूड काँक्रीटचं झाकण उडालं. आत मिथेन वायू साठला होता. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

डिमॉकमध्ये नळयोजना नव्हती. ज्याच्या त्याच्या अंगणात बोअर. तेच पाणी प्यायला, तेच आंघोळीला, तेच गाईंना. गावाखाली साधारण दीड-दोन किलोमीटरवर मार्सेलस हा शेल खडक, म्हणजे गाळापासून बनलेला थरांचा खडक, आहे. त्याच्या बारीक छिद्रांत वायू अडकलेला असतो, तो आपणहून वर येत नाही. म्हणून वायूची विहीर आधी सरळ खाली आणि मग खडकातून आडवी नेतात. पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. हेच फ्रॅकिंग. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं.

भेगा इतक्या खोल पडतात, मग वरच्या पाण्याला धोका कसला, असं कंपन्या विचारतात. पण वायूला वर यायला त्या भेगा लागतातच असं नाही. वायूची विहीर स्वतःच भूजलाच्या थरातून खाली गेलेली असते. तिच्यात पोलादी नळी, म्हणजे केसिंग, बसवतात आणि केसिंग व खडक यांच्यातली फट सिमेंटने भरतात. त्या सिमेंटमध्ये पोकळी राहिली, ते तडकलं किंवा हवं तिथवर पोचलंच नाही, की मधल्या थरांतला वायू केसिंगच्या बाहेरून वर सरकतो आणि शेजारच्या बोअरमध्ये शिरतो. डिमॉकमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याला हेच आढळलं: तिथे वायू काढणाऱ्या कॅबट कंपनीच्या सदोष विहिरींमुळे वायू अनेक घरांच्या पाण्यात उतरला होता. ‘फ्रॅकिंगने पाणी बिघडत नाही’ हे विधान त्यामुळेच मला धोकादायक वाटतं. ते फक्त भेगांबद्दल बोलतं, विहिरीबद्दल नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर, ओट्यावर पाण्याच्या बाटल्या)

ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे वायूचं उत्खनन चालू होतं तिथल्या पाण्यात मिथेनचं प्रमाण, उत्खनन नसलेल्या भागांच्या तुलनेत, सरासरी १७ पट निघालं. कंपनी म्हणत राहिली की इथल्या पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. काही ठिकाणी तो असतोही. म्हणून तर खोदाईच्या आधी प्रत्येक घराचं पाणी तपासून नोंद ठेवायला हवी होती. ती नसली की पुरावे गोळा करत फिरायची वेळ, ज्याचं पाणी गेलं त्याच्यावरच येते.

शिवाय वर येणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न आहेच. मार्सेलसमधून परतणारं पाणी समुद्राहून कित्येक पट खारट असतं, त्यात किरणोत्सारी रेडियमही असतं. ओक्लाहोमा राज्यात तेल-वायू विहिरींतलं खारं पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडत गेले. त्याने भूकंप वाढले: जिथे ३ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के वर्षाला एक-दोनच बसत, तिथे २०१५ मध्ये ते नऊशेच्या घरात गेले.

आणि कायदा? २००५ च्या ऊर्जा कायद्याने, डिझेल वापरलं नसेल तर, फ्रॅकिंगला संघीय पेयजल कायद्यातून वगळलं. डिमॉकचा जिल्हा ज्या न्यूयॉर्क राज्याला लागून आहे, त्याने मात्र २०१४ मध्ये फ्रॅकिंग बंद करायचं ठरवलं. खडक दोन्हीकडे तोच आहे.

आपलाही या वायूशी संबंध आहे. गेल कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं, अमेरिकेहून निघालेलं द्रवरूप वायूचं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागलं. अमेरिकेतला बहुतेक नैसर्गिक वायू आज शेल खडकातूनच निघतो.

(दृश्य: डिमॉकचा रस्ता, घरांबाहेर पाण्याच्या टाक्या)

डिमॉकभोवतीच्या ९ चौरस मैलांत २०१० मध्ये खोदाई थांबवली गेली. शेजारच्या मॉन्ट्रोजहून जलवाहिनी आणायचं ठरलं आणि त्याच वर्षी बारगळलं. २०१२ मध्ये संघीय पर्यावरण संस्थेने पाणी तपासून पुढच्या कारवाईची गरज नाही असं सांगितलं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका संघीय आरोग्य संस्थेने त्याच नमुन्यांवरून काही बोअरचं पाणी आरोग्याला घातक ठरवलं. लोक विकतच्या बाटल्यांवर आणि टाक्यांवर दिवस काढत होते. २०२० मध्ये राज्याने कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅबटची वारस कंपनी कोटेराने आरोप लढवला नाही. जलवाहिनीसाठी १.६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आणि ७५ वर्षांची पाणीपट्टी भरायचं तिने कबूल केलं. त्याच सुमारास राज्याने बंदी उठवली आणि हद्दीबाहेरून खोदून गावाखाली आडव्या विहिरी न्यायची तिला मुभा दिली. जलवाहिनीचं काम तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं.