उजवा हात बंद पडला, क्लास मात्र सुरूच : लिऑन फ्लायशर नावाचा पियानिस्ट

नमस्कार मंडळी! आज सुरुवातीलाच तुम्हाला कामाला लावते. उजवा हात समोर टेबलावर ठेवा, बसमध्ये असाल तर मांडीवर ठेवा, पेटीवर ठेवतो तसा. आता करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका, ही दोन बोटं तळव्यात घट्ट दुमडा. दुमडली? आता उरलेल्या तीन बोटांनी सा रे ग म वाजवल्यासारखं करून बघा. मधलं बोट पण आत ओढलं जातंय ना, आणि मनगटाखाली ताण येतोय?

तुम्ही ती बोटं मुद्दाम दुमडलीत, मनात आलं की उघडाल. पण हे आपोआप व्हायला लागलं तर? आणि ते सुद्धा वयाच्या 36व्या वर्षी, जगातल्या पहिल्या फळीतल्या पियानिस्टला?

तर लिऑन फ्लायशर. जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. घरचे ज्यू, बाहेरून अमेरिकेत आलेले, वडिलांचं टोप्यांचं दुकान. पियानोचा क्लास लावला होता मोठ्या भावाला आणि हा धाकटा नुसता कोपऱ्यात बसून ऐकायचा, मग क्लास संपला की भाऊ खेळायला पळायचा आणि हा जाऊन भावाला शिकवलेलं सगळं वाजवून दाखवायचा. पुढे काय झालं ते ओळखलंच असेल, भावाचा क्लास बंद आणि याचा सुरू. आईच्या डोक्यात दोनच पर्याय होते, पोरगा एक तर अमेरिकेचा अध्यक्ष होणार नाहीतर मोठा पियानिस्ट. (आपल्याकडे डॉक्टर-इंजिनियर असतं, त्यांच्याकडे हे.)

आता गुरू कोण, तर आर्टुर श्नाबेल. बीथोव्हेनचे 32 च्या 32 पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचना) पहिल्यांदा रेकॉर्ड करणारा माणूस. तो लहान मुलांना शिकवायचाच नाही, सरळ नकार. मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कंडक्टरने (ऑर्केस्ट्रा चालवणारा, बसमधला नव्हे) श्नाबेलला घरी जेवायला बोलावलं, आणि जेवण आटोपून मंडळी बाहेरच्या खोलीत येतात तर पियानोवर हा नऊ वर्षांचा चिमुरडा आधीच बसवून ठेवलेला! ऐकलं, आणि घेतला शिष्य. अट एकच, इतक्यात कार्यक्रम करायचे नाहीत. आपल्याकडचे जुने बुवा सुद्धा हेच सांगायचे.

घराण्याचं म्हणाल तर ऐका. बीथोव्हेनने शिकवलं चेर्नीला, चेर्नीने लेशेटिट्स्कीला, त्याने श्नाबेलला आणि श्नाबेलने याला. म्हणजे पाचवी पिढी! पाश्चात्य संगीतात सगळं कागदावर लिहिलेलं असतं मग गुरू कशाला हवा, असं कमेंटमध्ये कोणीतरी दर वेळी विचारतं, त्याला माझं हेच उत्तर. कागदावर स्वर असतात हो, पण दोन स्वरांच्या मध्ये किती थांबायचं हे कोणीतरी शेजारी बसूनच सांगावं लागतं.

पुढचं पटापट सांगते कारण यशाची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. 16व्या वर्षी, 1944 ला, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा पहिला कन्चेर्तो, म्हणजे एक वादक आणि अख्खा ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात ती रचना. 1952 ला ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, जिंकणारा पहिला अमेरिकन. मग क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा आणि त्याचे कंडक्टर जॉर्ज झेल यांच्याबरोबर बीथोव्हेन आणि ब्राम्सच्या कन्चेर्तोंची रेकॉर्डिंग, ती आजही लोक शोधून शोधून ऐकतात. आणि 1959 पासून बाल्टिमोरच्या पीबडी या संगीताच्या कॉलेजात शिकवणं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तेव्हा ती तशी साइडलाच होती.

1964. उजव्या हाताची ती दोन बोटं, हळूहळू, आत वळायला लागली. आधी नुसता आळस आल्यासारखं वाटायचं, मग साहेबांनी काय केलं, तर रियाज वाढवला! हात ऐकत नाही म्हणजे मेहनत कमी पडतेय. इथे मी माझं एक सांगते, बारावीनंतर मी पेटीची परीक्षा देत होते आणि मनगट इतकं सुजलेलं की चहाचा कप उचलवत नव्हता, आणि तेव्हाच्या आमच्या सरांचं म्हणणं काय, तर दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. मी ऐकलं. दोन महिने पेटी बंद झाली माझी. फ्लायशर नंतर शिष्यांना उलटं सांगायचा, दुखत असेल तर थांबा. स्वतः थांबला नव्हता ना!

दहा महिन्यांत खेळ खलास. 1965 ला क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचा सोव्हिएत रशियाचा मोठा दौरा होता, त्यातून बाहेर पडावं लागलं.

याचं नाव फोकल डिस्टोनिया. नीट समजून घ्या, यात हात अधू होत नाही. शर्टाचं बटण लावता येतं, वजन उचलता येतं. पण जे काम हजारो वेळा बारकाईने केलंय नेमकं तेच करायला बसलं की मेंदूकडून बोटांना जाणारा निरोप बिघडतो, एक बोट उचल म्हटलं की शेजारच्याचा स्नायू आवळला जातो. आणि त्या काळात डॉक्टरांना हे ओळखताच येत नव्हतं. त्याने मग सगळं करून बघितलं, इंजेक्शनं, हिप्नोसिस, अरोमाथेरपी, जो जे सांगेल ते. संसार मोडायला आला, जीव द्यायचे विचार आले. केस वाढवले, दाढी ठेवली आणि व्हेस्पा घेतली. हो, आपली व्हेस्पा!

(पियानोकडे जाते)

आता ही दोन बोटं गेली म्हणजे नेमकं काय गेलं ते दाखवते. पियानोवर उजवीकडे उंच स्वर, आणि बऱ्याच वेळा मुख्य चाल असते ती सगळ्यात वरच्या स्वरात, म्हणजे उजव्या हाताच्या करंगळी-अनामिकेत. हे बघा. खालची बोटं भरणा करतायत आणि गातंय कोण, करंगळी. म्हणजे त्याचा गळाच गेला म्हणा.

आता डावा हात ठेवा तसाच. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे येतो, वरच्या स्वरांकडे. म्हणजे अंगठ्याने चाल गायची, बाकीच्या बोटांनी खाली खर्ज धरायचा, आणि खर्जावरून हात उचलून वर आलो तरी पॅडल दाबून ठेवलंय म्हणून तो घुमत राहतो. डोळे मिटले तर दोन हात वाटतात. आणि अशा रचना ऑलरेडी होत्या! पहिल्या महायुद्धात पॉल विट्गेनश्टाइन नावाच्या व्हिएन्नाच्या पियानिस्टचा उजवा हात गेला, घरचा गडगंज पैसा, त्याने राव्हेल, प्रोकोफिएव्ह, हिंडेमिट यांना पैसे देऊन एका हाताचे कन्चेर्तो लिहून घेतले. राव्हेलचा तो कन्चेर्तो फ्लायशर पुढे वर्षानुवर्षं वाजवत राहिला, शिवाय कंडक्टिंगला लागला.

पण माझ्या मते खरा बदल क्लासमध्ये झाला. आधी कसं, शिष्याचं चुकलं की त्याला स्टुलावरून उठवायचं आणि स्वतः वाजवून दाखवायचं, असं कर. आता दाखवणार कसं? त्याला बोलणं भाग पडलं, शब्द शोधावे लागले. मला विचाराल तर नक्कल करायची सोय गेली हे शिष्यांच्या पथ्यावरच पडलं, कारण वाजवून दाखवलं की पोरं तसंच्या तसं उचलतात आणि सांगितलं की विचार करतात. सगळ्यांनी खोलीत बसून एकमेकांचे धडे ऐकायचे, ही श्नाबेलच्या घरची पद्धत. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस, सगळे त्याच्याकडे शिकलेले, आणि वाजवणं एकाचं दुसऱ्यासारखं नाही.

1982 ला बाल्टिमोरमध्ये नवीन हॉलच्या उद्घाटनाला तो दोन हातांनी वाजवायला बसला. ठरला होता बीथोव्हेनचा चौथा कन्चेर्तो, आयत्या वेळी झेपणारं म्हणून सेझार फ्रांकचं काहीतरी छोटं घेतलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि याला आतून माहीत होतं की हात बरा झालेला नाही. परत डाव्या हातावर.

शेवटी नव्वदच्या दशकात निदान झालं. खोल मसाज आणि बोटॉक्स! हो तेच, सुरकुत्यांचं. हट्टाने आवळणाऱ्या स्नायूत थोडंसं टोचायचं म्हणजे तो सैल पडतो, काही महिन्यांनी असर उतरला की परत टोचायचं. रोग गेला नाही, पण हात उघडला. 2004 ला दोन हातांची सीडी आली, त्यात शूबर्टचा शेवटचा सोनाटा आहे, तो ऐका.

आणि त्याच वर्षाची गंमत. विट्गेनश्टाइनला हिंडेमिटने जो कन्चेर्तो लिहून दिला होता तो त्याला पटलाच नाही, वाजवला नाही आणि कोणाला वाजवू पण दिला नाही. विट्गेनश्टाइनची बायको वारल्यावर 2002 च्या सुमाराला ती प्रत घरात सापडली. 2004 च्या डिसेंबरमध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा तो लोकांसमोर वाजला, आणि वाजवला कोणी? फ्लायशरने. दोन्ही हात सुटले होते तेव्हा, पण उजवा मांडीवर ठेवून.