अंगठा लावण्याआधी

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी महिला बचत गट आणि कास्तकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मायबहिणींनो आणि कास्तकार भावांनो,

‘आमच्या मोबाइलमध्ये लपवण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न मला गावोगावी ऐकू येतो. कोणाच्या वावरात किती क्विंटल कापूस झाला, कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून खासगीपणा ही शहरातल्या बंगलेवाल्यांची चैन आहे, असं आपल्याला वाटत राहतं. मला हे मुळीच पटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालात बंगला आणि झोपडी असा भेद नाही. आणि जिच्या खात्यात महिन्याला दीड हजारच येतात, तिचे तेवढे गेले तर त्या महिन्याचं तेल-मीठ गेलं. म्हणून हा विषय आधी तुमचा आहे.

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दूर कुठंतरी कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस येतो. तसे चोर आहेतच. पण गावातल्या कितीतरी प्रकरणांत आपला फोन, आपला कागद किंवा आपला अंगठा आपणच दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. चष्मा घरी राहिला, इंग्रजी वाचता येत नाही, मागं रांग लागली आहे, अशी साधीच कारणं असतात. विश्वास ठेवू नका असं सांगायला मी आलेली नाही. गाव विश्वासावरच चालतं. पण सख्ख्या भावानं दिलेल्या नोटाही आपण मोजून घेतो आणि त्याला राग येत नाही. तेवढी मोजणी इथंही हवी.

अंगठ्यापासून सुरुवात करते. आधारवरून पैसे काढताना बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या वतीनं गावात पैसे देणाऱ्या माणसाच्या, मशीनला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी येत नाही, पिन लागत नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. ज्या म्हातारीला पैशासाठी तालुक्याच्या शाखेत जाऊन दिवस घालवावा लागायचा, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

आता वेचणीच्या दिवसांतलं चित्र बघा. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात, रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा लागतो आणि चालवणारा म्हणतो, ‘बसत नाही, परत लावा.’ बाई हात पदराला पुसते, परत लावते. तरी नाही, मग दुसरं बोट. तिन्ही ठसे खरंच नाकारले गेले, की एकात पैसे निघून गेले, हे तिला कळायला मार्ग नसतो. ‘बॅलन्स बघतो’ म्हणून लावून घेतलेला अंगठा पैसे काढायलाही वापरता येतो. बहुतेक बँक मित्र प्रामाणिकपणे काम करतात, हेही मला इथं सांगितलंच पाहिजे. पण बोट ठेवण्याआधी ‘दादा, किती रक्कम टाकली?’ असं मोठ्यानं विचारा आणि आकडा डोळ्यांनी बघा. ठसा बसला नाही म्हणाले तरी त्याची पावती मागा. मिळालेले पैसे आणि पावतीवरची शिल्लक तिथंच पडताळा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हे बँकेत तपासून घ्या. कितीतरी घरी तो पोराचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. मग पैसे निघाल्याचा मेसेज येतो, पण कोणाला दिसतच नाही.

दुसरा धोका याहून वाईट आहे. काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांच्या ऑनलाइन प्रतींवरून ठसे उचलून त्यांची नकली बोटं बनवल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीला आणले आहेत. पासवर्ड बदलता येतो. ठसा बदलता येत नाही. यावर उपाय आहे. आधारच्या सरकारी अॅपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे लॉक करता येतात. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो. मात्र ठसे लॉक असले की रेशन दुकानातला अंगठाही बसणार नाही. जाताना ते तात्पुरते उघडावे लागतात. ज्या घरात स्मार्टफोन चालवणारं कोणी आहे, त्यांनी लॉक जरूर करावं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला मात्र मी आग्रह करणार नाही. तिचं रेशन अडलं तर ती सुरक्षा तिच्या काय कामाची? कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्यावरची अंगठ्याची सोय बंद करता येते का, एवढं तिनं बँकेत कोणालातरी विचारायला लावावं.

आता कागद. झेरॉक्स काढायला आपण आधारचा फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि विसरून जातो. तो फोटो त्याच्या फोनमध्ये राहतो, कॉम्प्युटरमध्ये राहतो. प्रिंट हातात आली की त्याच्यासमोर उभं राहून फोटो पुसून घ्या. जिथं पूर्ण नंबर लागत नाही तिथं मास्क्ड आधार द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते फुकट डाउनलोड होतं. आपल्या आधारवर भलत्याच कोणी सिम घेतलं आहे का, हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथंच कळवता येतं.

फोनवरची सगळ्यात मोठी कीड सध्या एपीके फाइल आहे. गावाच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल येते, नाहीतर लग्नपत्रिका येते, नाहीतर गाडीच्या दंडाची पावती. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. नावाच्या शेवटी ‘.एपीके’ (इंग्रजीत .apk) असेल तर ती पत्रिका नाही, ते अॅप आहे. ते ‘इन्स्टॉल’ म्हणतं, मग मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचे ओटीपी चोराकडे जायला लागतात. पत्रिकेचा फोटो बघायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढी एक खूण पक्की ठेवा. आणि यूपीआयचा पिन पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘तुमचा हप्ता अडकला आहे, पिन टाका’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

बायांनो, तुमच्याशी एक वेगळं बोलायचं आहे. फोनला पिन टाकला की घरात विचारतात, ‘लपवतेस काय?’ बहिणीशी बोललेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, गटाच्या कर्जाचा हिशोब, हे तुमचं आहे आणि ते तुमच्याजवळ राहावं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. तिथं अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जात आहेत. त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा.

एवढं करूनही पैसे गेले तर गप्प बसू नका. लोक हसतील म्हणून आठ-आठ दिवस घरात न सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या आठ दिवसांतच पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतो. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तो शिक्का का महत्त्वाचा? रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, तुमची चूक नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही तक्रार दिली असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर गेलेला रुपया बँकेचा. म्हणून चूक झाली असली तरी त्याच घटकेला कळवायचं.

मागून एका काकांनी विचारलं, ‘साधा बटणाचा फोन आहे, मी काय करू?’ काका, एपीकेचा धोका तुम्हाला नाही. पण ओटीपी तुमच्याही फोनवर येतो आणि अंगठा तुमचाही लागतो. पासबुक महिन्याला भरून घ्या. आणि १९३० हा नंबर बटणाच्या फोनवरूनही लागतो.